प्रथिनातील शेजार
ॲमिनो अम्लांच्या परस्पर संपर्कांचा अभ्यास

निरोगी माणसाच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात वाटोळ्या, मध्यभागी किंचित दबलेल्या तांबड्या पेशी दिसतात. १९१० साली शिकागो येथील जेम्स हेरिक या वैद्यांनी आपल्या एका रोग्याच्या रक्तात आढळलेल्या निराळ्याच पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पेशी लांबट व वाकड्या, विळ्याच्या पात्यासारख्या होत्या. विळ्यास इंग्रजीत ‘सिकल’ म्हणतात. त्यावरून या रोगास सिकलसेल हे नाव पडले आणि आपल्या देशातील गावोगावच्या आरोग्यकेंद्रांतही तेच रूढ झाले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्ताचा ओघ अडवितात, रोग्यास असह्य वेदना होतात आणि पेशी लवकर नष्ट होत असल्यामुळे त्याच्या अंगी रक्त राहत नाही.

पेशीचा आकार का बिघडतो, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास बराच काळ लागला. ते उत्तर थोडक्यात सांगावयाचे तर असे : हीमोग्लोबिन या प्रथिनाच्या रेणूवर एक ॲमिनो अम्ल बदलल्यामुळे, जेथे शेजार नव्हता तेथे नवा शेजार निर्माण होतो. हे वाक्य नीट उमगण्यासाठी प्रथिनाच्या रेणूत कोण कोणाच्या शेजारी असते, तो शेजार मोजतात कसा आणि त्यावरून काय कळते, हे पाहिले पाहिजे. या पुस्तिकेचा विषय तोच आहे.

माळ आणि तिची घडी

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची माळ होय. निसर्गातील बहुतेक सर्व प्रथिने वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांपासून बनलेली असतात. दोन ॲमिनो अम्ले एकमेकांस जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. मागे माळेत जो भाग उरतो त्यास ‘अवशेष’ असे म्हणतात. प्रत्येक अवशेषाचे दोन भाग कल्पावेत. एक भाग सर्वांत सारखा असून त्यामुळे माळेचा कणा बनतो. दुसरा भाग कण्यापासून बाजूस फुटलेल्या फांदीसारखा असतो. त्यास पार्श्वशृंखला म्हणू. वीस ॲमिनो अम्लांचे वेगळेपण या फांदीत आहे. ग्लायसीनची फांदी म्हणजे केवळ एक हायड्रोजन अणू. ट्रिप्टोफॅनची फांदी मोठी, दोन जुळ्या कड्यांची. लायसीन व आर्जिनीन यांच्या फांद्यांवर धन विद्युत्भार असतो, तर ॲस्पार्टिक व ग्लुटामिक अम्लांच्या फांद्यांवर ऋण भार असतो. व्हॅलीन, ल्युसीन, फिनिलअलानीन यांच्या फांद्या तेलकट स्वभावाच्या असून त्या पाण्यापासून दूर राहू पाहतात; त्यांस जलद्वेषी म्हणतात.

ही माळ पेशीत सरळ ताणलेली राहत नाही. ती दुमडते, वेटोळी घेते आणि ठराविक आकाराची घडी बनते. अमेरिकेतील ख्रिश्चन ॲनफिन्सेन यांनी १२४ अवशेषांच्या रिबोन्यूक्लिएज या प्रथिनावर प्रयोग करून दाखविले की, घडी मोडून टाकली तरी योग्य परिस्थितीत माळ आपण होऊन पूर्वीच्याच घडीस येते. यावरून, घडी कशी असावी याची सूचना माळेतील क्रमातच साठविलेली असते, असा निष्कर्ष निघाला. या कार्याबद्दल त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आता लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, माळेत फार लांब असलेले दोन मणी घडीत अगदी जवळ येऊ शकतात. पागोट्याच्या कापडाची दोन टोके लांबीने कित्येक हात दूर असतात. पण पागोटे बांधले म्हणजे ती एकमेकांस टेकतात. प्रथिनातही पाचवा आणि शंभरावा अवशेष असेच टेकलेले असू शकतात. अशा टेकण्यास ‘संपर्क’ म्हणतात. घडी टिकून राहते ती असंख्य संपर्कांच्या एकवटलेल्या बळावर.

संपर्कांचे प्रकार

सर्व संपर्क एकाच जातीचे नसतात. त्यांची अंतरे अँगस्ट्रॉम या एककात मोजतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

सर्वांत बळकट संपर्क दोन सिस्टीनांच्या गंधक-अणूंमध्ये होतो. येथे प्रत्यक्ष रासायनिक बंध असून दोन अणूंतील अंतर सुमारे २ अँगस्ट्रॉम असते. रिबोन्यूक्लिएजमध्ये असे चार बंध आहेत. दुसरा प्रकार हायड्रोजन बंधाचा. ऑक्सिजन व नायट्रोजन यांसारख्या दोन अणूंच्या दरम्यान एक हायड्रोजन अणू वाटून घेतल्यासारखा असतो आणि त्या दोन अणूंतील अंतर साधारणतः ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास असते. तिसरा प्रकार लवण-सेतूचा : धन भाराची फांदी व ऋण भाराची फांदी सुमारे ४ अँगस्ट्रॉमच्या आत आल्या म्हणजे त्या एकमेकींस ओढून धरतात. चौथा प्रकार जलद्वेषी फांद्यांच्या सान्निध्याचा. पाण्यावर तेलाचे थेंब जसे एकत्र होतात, तशा या फांद्या घडीच्या पोटात एकमेकींस बिलगून बसतात. यांतील एकेक संपर्क दुबळा असला तरी त्यांची संख्या मोठी असते आणि घडीचा गाभा मुख्यतः त्यांनीच घडतो.

आकर्षणाप्रमाणेच जवळिकीस मर्यादाही आहे. दोन अणू एका हद्दीपलीकडे एकमेकांत घुसू शकत नाहीत. हा साधा विचार हाती धरून मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन व शशिशेखरन यांनी १९६३ साली एक मूलगामी निबंध प्रसिद्ध केला. ज्या अणूंत परस्पर बंध नाही, ते किती जवळ येऊ शकतात याचे कोष्टक त्यांनी आधी तयार केले. उदाहरणार्थ, दोन कार्बन अणूंसाठी सामान्य मर्यादा ३.२ अँगस्ट्रॉम आणि टोकाची मर्यादा ३.० अँगस्ट्रॉम अशी त्यांनी धरली. मग माळेच्या कण्यातील दोन कोन क्रमाक्रमाने फिरवीत, कोणत्या स्थितीत अणू एकमेकांवर आदळतात व कोणत्या स्थितीत आदळत नाहीत, हे गणिताने तपासले. अनुमत स्थितींचा जो आलेख मिळाला तो ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून जगभर मान्य झाला. प्रथिनाची नवी रचना प्रसिद्ध करण्यापूर्वी ती या आलेखावर ताडून पाहण्याची पद्धत आजही आहे.

त्यापूर्वी, १९५४–५५ साली, रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजेन या प्रथिनाच्या तीन पदरी दोराची रचना मांडली होती. कातडी, अस्थी व स्नायुबंध यांचे बळ या प्रथिनात आहे. तीन पदर एकमेकांभोवती इतके घट्ट वळलेले असतात की, मध्यभागी एका हायड्रोजन अणूपुरतीच जागा उरते. म्हणून दर तिसरा अवशेष ग्लायसीनच असावा लागतो. त्याच्या जागी मोठ्या फांदीचा अवशेष आला तर दोर नीट वळला जात नाही, आणि हाडे ठिसूळ होण्याचा एक आनुवंशिक विकार अशाच बदलांतून उद्भवतो.

अंतर कसे मोजतात?

संपर्क मोजावयाचे तर प्रत्येक अणूचे स्थान ठाऊक हवे. प्रथिनाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठविले म्हणजे ते ठराविक दिशांना विखुरतात आणि त्या विखुरणीवरून गणिताने अणूंची स्थाने काढता येतात. जॉन केंड्रू यांनी १९५८ साली १५३ अवशेषांच्या मायोग्लोबिनची स्थूल रचना प्रसिद्ध केली व १९६० साली ती अधिक बारकाईने दाखविली. मॅक्स पेरुत्झ यांनी हीमोग्लोबिनची रचना त्याच वर्षी मांडली. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळून देण्यात आले. १९७१ साली अशा रचनांचा एक सार्वजनिक संग्रह सुरू झाला, तेव्हा त्यात अवघ्या सात रचना होत्या. आज त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे आणि तो कोणासही विनामूल्य पाहता येतो.

या संग्रहात प्रत्येक अणूपुढे तीन अंक दिलेले असतात : लांबी, रुंदी व उंची या तीन दिशांतील त्याचे स्थान. दोन अणूंतील अंतर काढण्यास शाळेत शिकविला जाणारा पायथागोरसचा सिद्धान्तच पुरतो. समजा, दोन अणूंच्या स्थानांत तीन दिशांना अनुक्रमे २, ३ व ६ अँगस्ट्रॉमचा फरक आहे. वर्गांची बेरीज ४ + ९ + ३६ म्हणजे ४९, आणि तिचे वर्गमूळ ७. तेव्हा अंतर ७ अँगस्ट्रॉम झाले. दुसऱ्या एका जोडीत फरक ४, ४ व ७ असेल, तर बेरीज ८१ व अंतर ९ अँगस्ट्रॉम.

यांपैकी संपर्क कोणता मानावा? येथे संशोधकास आपली मर्यादा आधी ठरवावी लागते. एक प्रघात असा की, प्रत्येक अवशेषाचा प्रतिनिधी म्हणून त्याच्या फांदीतील पहिला कार्बन अणू घ्यावा आणि दोन प्रतिनिधींतील अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर संपर्क आहे असे म्हणावे. ग्लायसीनला असा कार्बन नसल्याने त्याच्या कण्यातील कार्बन घेतात. या नियमाने वरील पहिली जोडी संपर्कात आहे, दुसरी नाही. दुसरा प्रघात सर्व अणू पाहण्याचा : एका अवशेषाचा कोणताही अणू दुसऱ्याच्या कोणत्याही अणूपासून साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत असला तर संपर्क धरावा. क्ष-किरणांनी हायड्रोजन अणू बहुधा दिसत नाहीत. म्हणून ही मोजणी इतर जड अणूंवरून करतात. मर्यादा बदलली की संपर्कांची संख्याही बदलते. यास्तव कोणतीही संख्या वाचताना ती कोणत्या मर्यादेने मोजली आहे, हे आधी विचारावे.

चौकटींचा नकाशा

१५३ अवशेषांच्या मायोग्लोबिनमध्ये एकूण ११,६२८ जोड्या होतात. इतक्या जोड्यांचा हिशेब डोळ्यांसमोर मांडण्याची एक सोपी युक्ती म्हणजे संपर्क-नकाशा. ती वर्गात करून पाहण्याजोगी आहे.

एका दोऱ्यात १६ मणी ओवून त्यांस क्रमांक द्यावेत. चौकटीच्या कागदावर १६ ओळी व १६ स्तंभ आखावेत. आता दोरा मधोमध दुमडून दोन्ही बाजू समांतर ठेवाव्यात. पहिला मणी सोळाव्याच्या शेजारी येईल, दुसरा पंधराव्याच्या, तिसरा चौदाव्याच्या, आणि असेच पुढे. जे मणी शेजारी आहेत त्यांच्या ओळीच्या व स्तंभाच्या छेदाची चौकट काळी करावी. प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज १७ येत असल्यामुळे काळ्या चौकटी एका तिरप्या रेषेत येतात आणि ती रेषा मुख्य कर्णास काटकोनात छेदते. दोऱ्याचे दोन भाग एकाच दिशेने जात शेजारी आले, तर क्रमांकांतील फरक कायम राहतो आणि रेषा मुख्य कर्णास समांतर जाते. दोरा पेन्सिलीभोवती गुंडाळला तर प्रत्येक मण्याचे शेजारी त्याच्यापासून थोड्याच अंतरावर असतात आणि मुख्य कर्णालगत एक जाड पट्टा उमटतो.

प्रथिनांतही नेमके असेच घडते. त्यांतील मळसूत्री भागात एका वेढ्यात ३.६ अवशेष असतात. म्हणून प्रत्येक अवशेषाचा त्यापुढील चौथ्याशी संपर्क येतो आणि कर्णालगतचा पट्टा दिसतो. जेथे माळेचे भाग शेजारी शेजारी येऊन पत्र्यासारखी रचना बनते, तेथे काटकोनी अथवा समांतर रेषा उमटतात. कर्णापासून दूर दिसणारे ठिपके मात्र अधिक मोलाचे. कारण माळेत लांबचे असूनही घडीत जवळ आलेले अवशेष ते दाखवितात. माळेत लगतच असलेल्या जोड्या अशा अभ्यासात वगळतात, कारण त्या तर जोडलेल्याच असावयाच्या.

मोजणीतील एक फसगत

हजारो रचनांतील संपर्क मोजून, कोणत्या ॲमिनो अम्लास कोणाचा शेजार आवडतो, हे काढता येते. वीस प्रकारांच्या एकूण २१० जोड्या होतात. १९८५ साली मियाझावा व जर्निगन यांनी अशा मोजणीवरून प्रत्येक जोडीची संपर्क-ऊर्जा अंदाजली. ते कोष्टक आजही वापरात आहे.

परंतु येथे एक फसगत होण्याचा संभव असतो. ल्युसीन–ल्युसीन ही जोडी पुष्कळदा आढळते, म्हणून त्यांची विशेष मैत्री आहे असे लगेच म्हणता येणार नाही. प्रथिनांत ल्युसीन मुळातच विपुल असते आणि ट्रिप्टोफॅन फार थोडे. जत्रेत एकाच गावचे लोक अधिक आले असतील, तर त्या गावची दोन माणसे शेजारी उभी दिसणे हा स्नेहाचा पुरावा नव्हे. म्हणून, निव्वळ योगायोगाने किती संपर्क आले असते ते प्रथम काढावे आणि प्रत्यक्ष संख्येस त्याने भागावे. भागाकार एकाहून मोठा आला तर ओढ, लहान आला तर दुरावा. असे केल्यावर सिस्टीन–सिस्टीन ही जोडी ठळकपणे पुढे येते, विरुद्ध भारांच्या जोड्या अपेक्षेहून अधिक आणि लायसीन–लायसीनसारख्या समान भारांच्या जोड्या अपेक्षेहून कमी आढळतात.

आणखीही एक सावधगिरी हवी. स्फटिकात रेणू दाटीने रचलेले असतात. त्यामुळे दोन रेणूंमधील काही संपर्क केवळ त्या दाटीचे असतात, पेशीतील खरे नव्हेत. शिवाय प्रथिन हलते. एका स्थितीतील संपर्क दुसऱ्या स्थितीत तुटलेला असू शकतो.

हीमोग्लोबिनची कथा

या हालचालीचे उत्तम उदाहरण हीमोग्लोबिनच आहे. त्याच्या रेणूत चार माळा असतात : १४१ अवशेषांच्या दोन आल्फा माळा व १४६ अवशेषांच्या दोन बीटा माळा. ऑक्सिजन नसताना या माळांना काही लवण-सेतू बांधून ठेवतात. त्यांतील एक बीटा माळेतील १४६ वे हिस्टिडीन व त्याच माळेतील ९४ वे ॲस्पार्टिक अम्ल यांच्यामध्ये असतो. ऑक्सिजन आला म्हणजे हे सेतू तुटतात आणि माळा एकमेकींच्या संदर्भात किंचित सरकतात. १९७० साली पेरुत्झ यांनी ही क्रिया उलगडून दाखविली. फुप्फुसात ऑक्सिजन घेणे आणि शरीरात तो सोडणे, ही नित्याची कामगिरी अशी संपर्कांच्या जुळण्या-तुटण्यावर चालते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल रोग्याच्या हीमोग्लोबिनचा विद्युत्भार निराळा असल्याचे दाखवून या रोगास ‘रेणूचा रोग’ म्हटले. १९५६–५७ साली व्हर्नन इंग्रॅम यांनी तो फरक नेमका शोधला : बीटा माळेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. १४६ मधील एकच अवशेष!

हा अवशेष रेणूच्या पृष्ठभागावर असतो. त्यामुळे रेणूची स्वतःची घडी फारशी बिघडत नाही. बिघाड होतो तो बाहेरच्या शेजारात. ग्लुटामिक अम्लाची भारित फांदी पाण्यात सुखाने राहते. व्हॅलीनची जलद्वेषी फांदी मात्र पाण्यापासून लपण्यास जागा शोधते. हीमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडल्यावर अशी जागा दुसऱ्या रेणूच्या बीटा माळेवर उपलब्ध होते. तेथे ८५ वे फिनिलअलानीन व ८८ वे ल्युसीन यांच्यामध्ये एक जलद्वेषी खोबण असते आणि सहावे व्हॅलीन तीत जाऊन बसते. एक रेणू दुसऱ्यास, दुसरा तिसऱ्यास असा चिकटत जाऊन चौदा पदरांचा ताठर तंतू तयार होतो. एका तांबड्या पेशीत हीमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. त्यांचे असे तंतू वाढू लागले म्हणजे पेशी आतून ताणली जाऊन विळ्याच्या आकारास येते. ऑक्सिजन पुन्हा मिळाला की खोबण पूर्वीसारखी जुळत नाही व तंतू विरघळतो. पण वारंवार असे झाल्याने पेशी कायमची निकामी होते.

नवजात बालकास या रोगाचा त्रास पहिले काही महिने सहसा होत नाही. त्याचे कारणही संपर्कांतच आहे. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा माळा असतात आणि त्यांतील काही निराळे अवशेष तंतूत सामावू शकत नाहीत; त्यामुळे तंतूची वाढ अडते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते.

भारतात या विकाराची नोंद प्रथम १९५२ साली झाली. निलगिरीतील आदिवासींच्या रक्तात तो लेहमान व कटबुश यांना आढळला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही त्याची नोंद झाली. आज मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात, तसेच महाराष्ट्रातील गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांस तो ठाऊक आहे. २०२३ साली केंद्र शासनाने, २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करण्याचे ध्येय ठेवून, राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ज्याला सदोष जनुक एकाच पालकाकडून मिळते तो वाहक बहुधा निरोगी असतो. परंतु आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून विवाहापूर्वी रक्ताची साधी तपासणी करून घेणे हिताचे आहे. हा रोग स्पर्शाने किंवा सहवासाने होत नाही. रोग्यास दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

क्रमावरून घडीकडे

ज्या प्रथिनाची रचना ठाऊक नाही, त्यातील संपर्क केवळ अवशेषांच्या क्रमावरून ओळखता येतील काय? याचे उत्तर उत्क्रांतीने पुरविले आहे. एकच प्रथिन अनेक प्राण्यांत व वनस्पतींत थोड्याफार फरकाने आढळते. त्यांचे क्रम एकाखाली एक लिहिले तर काही स्थाने जोडीने बदलताना दिसतात : एकीकडे धन भार जाऊन ऋण आला की दुसरीकडे ऋण जाऊन धन येतो. अशी दोन स्थाने घडीत एकमेकांच्या शेजारी असावीत, असे अनुमान करता येते. या विचारास संगणकाच्या आधुनिक पद्धतींची जोड मिळून २०२० साली ‘अल्फाफोल्ड’ या कार्यपद्धतीने क्रमावरून घडी वर्तविण्यात मोठे यश मिळविले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना यासाठी, आणि डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिने घडविण्याच्या कार्यासाठी विभागून देण्यात आले.

तथापि वर्तविलेली घडी ही शेवटी भाकीतच होय. एक अवशेष बदलल्याने काय होईल, हे तिच्यावरून नेहमीच कळते असे नाही. अणू एकमेकांवर आदळत तर नाहीत ना, पाण्यास भिणाऱ्या फांद्या आत आहेत ना, प्रत्येक भारास त्याचा जोडीदार लाभला आहे ना, हे प्रश्न तेथेही विचारावेच लागतात. मद्रासच्या संशोधकांनी १९६३ साली अंतरांचे कोष्टक पुढे ठेवून विचारलेला प्रश्न हाच होता : या दोन अणूंना एवढ्या जवळ राहता येईल काय? सिकलसेलच्या रोग्याची व्यथा समजली ती याच जातीच्या प्रश्नाने, आणि तिच्यावरील नव्या उपायांचा शोधही याच वाटेने चालला आहे.